आरपीजी गेममधल्या चालीचं बॅलड कसं बांधायचं

आरपीजी म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेममधली एखादी चाल आवडली, तिचा वेग निम्म्यावर आणला, खाली पियानो धरला आणि वर भरपूर रिव्हर्ब (आवाजाला मिळणारी घुमणारी आस) टाकला, की बॅलड, म्हणजे संथ, भावपूर्ण गाणं, झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. पहिलं मिनिटभर ते छान लागतंही. मग चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि पुढे नवं काही घडणार नाही हे ऐकणाऱ्याला कळून चुकतं. गेमचं संगीत मुळात तसंच लिहिलेलं असतं. खेळणारा एखाद्या गावात दोन मिनिटं थांबेल की दोन तास, हे संगीतकाराला ठाऊक नसतं, म्हणून चालीचा शेवट अलगद सुरुवातीला येऊन मिळतो. बॅलडला मात्र कुठून तरी निघून कुठे तरी पोचायचं असतं. अशा गोल फिरणाऱ्या चालीला, म्हणजे लूपला, शेवट देणं हेच यातलं खरं काम आहे. चाल निवडण्यापासून शेवटच्या कॉर्डपर्यंतचे (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) सगळे निर्णय त्यावरच अवलंबून असतात.

आधी संगीतकारांनी स्वतः काय केलंय ते ऐका

हे तंत्र शिकण्याची उत्तम जागा म्हणजे खुद्द गेमच. १९९९ च्या 'फायनल फँटसी ८' मध्ये नोबुओ उएमात्सु यांनी एकच सुरावट वेगवेगळ्या रूपांत वापरली आहे. फे वाँगने गायलेलं 'आइज ऑन मी' हे गाणं, पियानोवरची 'ज्युलिया' आणि नाचाच्या प्रसंगातला 'वॉल्ट्झ फॉर द मून' या तिन्हींचं मूळ एकच. पुढच्याच वर्षी आलेल्या 'फायनल फँटसी ९' मध्ये जगाच्या नकाशावर फिरताना जी चाल वाजते, तीच एमिको शिरातोरी यांच्या आवाजात 'मेलडीज ऑफ लाइफ' होऊन येते. नकाशावरची चाल तासन्‌तास वाजत राहण्यासाठी आहे आणि गाण्याला सुरुवात-शेवट आहे. या दोन्हींमध्ये जे अंतर आहे तेच आपल्याला पार करायचंय.

ही रूपं पाठोपाठ ऐका आणि कागदावर दोन रकाने करा. एकात न बदललेल्या गोष्टी लिहा, दुसऱ्यात बदललेल्या. पहिल्या चार-पाच सुरांचा चढ-उतार जवळपास तसाच राहिलेला दिसेल. ठेका, कॉर्ड, वाक्य कुठे तुटतं आणि सूर किती लांबतो हे मात्र मोकळेपणाने बदललेलं असेल. चालीची ओळख त्या सुरुवातीच्या वळणात असते, तेवढं सांभाळलंत की बाकीच्या बाबतीत बरीच मोकळीक मिळते.

कोणती चाल घ्यायची

साथ पूर्ण बंद करा आणि चाल निम्म्या वेगात नुसती गुणगुणा. पहिल्या दोन वाक्यांतच ती विस्कळीत वाटू लागली, तर तिची मजा सुरांपेक्षा वेगात आणि साथीत होती असं समजा. टिकली, तर पुढे जायला हरकत नाही. टिकणाऱ्या चालींमध्ये धरून ठेवता येतील असे लांब सूर असतात आणि एक स्पष्ट उंच जागा असते, जिथे पोचल्यावर काहीतरी घडल्यासारखं वाटतं.

लढाईच्या चाली बॅलडसाठी फार चांगल्या असतात, पण लोक त्यांच्याकडे वळतच नाहीत. लढाईत घाई करतात ते ड्रम आणि बेस. वरची मेलडी बऱ्याचदा लांब, ताणलेल्या सुरांची असते. खालची धावपळ काढून घेतली की तीच मेलडी आर्त वाटू लागते. याउलट आधीच पियानोवर असलेली, आधीच हळवी चाल पहिल्या प्रयत्नासाठी घेऊ नका. 'फायनल फँटसी १०' च्या सुरुवातीची 'टू झनार्कंड' ही रचना मुळातच पियानोवरची आहे. तिला बॅलड करायला गेलात तर तुम्ही भर काय घालणार, हा प्रश्न पहिल्या बारपासून (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) पाठ सोडणार नाही.

चाल नक्की झाली की त्याच गेममध्ये ती आणखी कुठे येते ते शोधा. १९९४ च्या 'फायनल फँटसी ६' मध्ये सेलेस या पात्राची चाल आणि ऑपेराच्या प्रसंगातलं गाणं यांची सुरावट एकच आहे. २०१५ च्या 'अंडरटेल' मध्ये टोबी फॉक्सने अगदी सुरुवातीला ऐकू येणारी साधी चाल शेवटाकडच्या मोठ्या प्रसंगात पुन्हा आणली आहे. अशी नातेवाईक चाल सापडली तर जपून ठेवा. बॅलडच्या मधल्या भागात तिची गरज पडेल.

चाल उतरवून घेणं

जुन्या गेमच्या बाबतीत एक सोय आहे. फॅमिकॉम म्हणजेच एनईएसच्या चिपमध्ये मोजके ५ चॅनेल, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे स्वतंत्र आवाज, होते: दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक सॅम्पलसाठी (रेकॉर्ड केलेल्या छोट्या आवाजासाठी). सुपर निन्टेंडोत ८ चॅनेल आले. या गेमचं संगीत एनएसएफ आणि एसपीसी अशा फाइलींच्या रूपात ऐकलं, तर प्लेअरमध्ये एकेक चॅनेल बंद-चालू करता येतो. एनईएसच्या चालीत फक्त ट्रँगल चालू ठेवा, बहुतेक वेळा नुसता बेस हाती येईल. बेस आधी लिहा, मग मेलडी आणि शेवटी मधले आवाज. हा क्रम पाळला तर कॉर्ड ओळखण्यात होणाऱ्या बऱ्याच चुका टळतात, कारण वरून एकसारखी वाटणारी कॉर्ड कोणत्या सुरावर उभी आहे हे बेसच सांगतो.

व्हीजीएमट्रान्ससारखं सॉफ्टवेअर काही जुन्या कन्सोलच्या संगीत-फाइलींमधून मिडी, म्हणजे सुरांची संगणकीय नोंद, काढून देतं. पडताळणीसाठी ते उत्तम आहे. पण पहिल्यांदा कानानेच लिहा. कानाने लिहिताना कोणत्या सुराची तुम्ही आतुरतेने वाट पाहता हे कळतं, आणि पुढे गाण्याचा कळस तिथेच ठेवायचा असतो. नव्या गेममधलं संगीत बहुतेकदा आधीच रेकॉर्ड केलेलं असतं, तिथे चॅनेलची सोय नाही. मग वेग कमी करून चार-चार बारचे तुकडे ऐकण्याला पर्याय उरत नाही. लिहून ठेवायला म्यूजस्कोर फुकट मिळतं आणि या कामाला पुरेसं आहे.

वेग, पट्टी आणि श्वास

बॅलडचा वेग साधारण ६० ते ७६ बीपीएममध्ये (मिनिटाला इतक्या मात्रा) बसतो. मूळ चाल १३२ ची असेल तर ६६ वर आणणं सोपं वाटतं, पण निम्मा वेग म्हणजे दुप्पट लांबी. ६६ बीपीएमला चार मात्रांचा एक बार सुमारे ३.६ सेकंदांचा होतो. मूळ वाक्य चार बारचं असेल तर ते साडेचौदा सेकंद चालेल, आणि तेवढा वेळ एका दमात गाणं बहुतेकांना जमत नाही. चिपला श्वास लागत नाही, माणसाला लागतो. म्हणून दर दोन बारनंतर, म्हणजे सात-सव्वासात सेकंदांनी, श्वासाची जागा ठेवा. त्यासाठी वाक्याचा शेवटचा सूर एक मात्रा आधी सोडावा लागेल. बिनधास्त सोडा. त्या रिकाम्या मात्रेत पियानोचे दोन-तीन सूर येतात आणि आवाज व पियानो यांचं संभाषण तिथूनच सुरू होतं.

गायचंच नसेल, नुसतं वाद्यांवर करायचं असेल, तरी हा नियम पाळा. व्हायोलिन किंवा बासरीवरची चालही श्वास घेत वाजली तरच ती कुणीतरी म्हणतंय असं वाटतं.

आता पल्ला. वाद्यासाठी लिहिलेली चाल सहज दोन सप्तकं फिरते. गाणाऱ्याला आरामात झेपणारा पल्ला दीड सप्तकाच्या आसपास असतो. आधी गाणाऱ्याला विचारा की जोर न लावता, दहा वेळा सलग लागेल असा सर्वात उंच सूर कोणता. चालीतला सर्वात उंच सूर त्याच्या एक-दोन श्रुती नाही, चांगला एक-दोन अर्धस्वर खाली येईल अशी पट्टी ठरवा. यानंतरही काही सूर खाली किंवा वर उरतील. तेव्हा एकटादुकटा सूर न उचलता पूर्ण वाक्यच एक सप्तक हलवा. वाक्याच्या मध्यावर सप्तक बदललं की चालीचं वळण मोडतं आणि गेम खेळलेल्या माणसाच्या ते लगेच लक्षात येतं.

लूप तोडून आराखडा

मूळ चालीत बहुतेकदा दोन भाग सापडतात. पहिला शांत असतो, दुसरा उंच जातो. शांत भाग कडव्याला आणि उंच भाग ध्रुवपदाला द्या. ६६ च्या वेगाला चालणारा एक आराखडा असा: सुरुवात ४ बार, पहिलं कडवं १६, ध्रुवपद ८, मधली जागा ४, दुसरं कडवं ८, ध्रुवपद ८, मधला वेगळा भाग ८, शेवटचं ध्रुवपद ८ आणि समारोप ४. एकूण ६८ बार, म्हणजे चार मिनिटांहून किंचित जास्त.

दुसरं कडवं मुद्दाम निम्मं ठेवलं आहे. ऐकणाऱ्याला चाल आता माहीत झालेली असते, तिच्यावर तेवढाच वेळ पुन्हा घालवला तर गाणं रेंगाळतं. मधल्या ८ बारांच्या भागात मघाची नातेवाईक चाल आणा. पात्राच्या चालीचं बॅलड करत असाल तर त्या पात्राच्या गावाची, किंवा ज्याच्यासाठी तो झुरतोय त्याची चाल इथे शोभते. ज्यांनी गेम खेळलाय त्यांना त्यात कथा ऐकू येते. न खेळलेल्यांना ती नवी चाल म्हणून पुरते, आणि दोघांनाही नेमक्या त्याच क्षणी काहीतरी नवं हवं असतं.

सुरुवातीच्या ४ बारांत पूर्ण चाल वाजवू नका. ओळखीचे पहिले तीन-चार सूर द्या आणि थांबा.

कॉर्ड: थोड्या बदला, पण विचार करून बदला

समजा मूळ लूपमध्ये प्रत्येकी एक बार ए मायनर, एफ, सी, जी अशा कॉर्ड आहेत. कडव्यात त्या जवळपास तशाच ठेवा, फक्त मऊ करा. ए मायनरमध्ये बी मिसळा, एफमध्ये ई मिसळा, सी कॉर्डच्या बेसमध्ये सीऐवजी ई ठेवा आणि जीच्या आधी अर्धा बार जी सस (जी कॉर्डमध्ये बीऐवजी सी) वाजवा. बेस एफवरून थेट सीला उडी मारत होता, तो आता ईवर हलकेच उतरतो. एवढ्याने अर्धं काम होतं.

ध्रुवपदाला एफ, जी, ई मायनर, ए मायनर ही मालिका लावून पाहा. जपानी लोकप्रिय संगीतात ती अतिशय रुळलेली आहे, त्यामुळे अशा चालींखाली ती परकी वाटत नाही. मात्र जिथे जोर पडतो त्या प्रत्येक मात्रेवरचा सूर नव्या कॉर्डशी जुळतो का, हे एकेक करून तपासा. उदाहरणार्थ, मूळ एफ कॉर्डवर चालीत सी हा सूर धरलेला असेल आणि आता तिथे जी आली, तर जी कॉर्डमधला बी आणि वरचा सी एकमेकांना खेटतात आणि कानाला टोचतं. बी काढून टाका, जी सस ठेवा, चाल तिथून खाली उतरली की मग बी येऊ द्या. टोचणारी तीच जागा आता ओढ लावणारी होते. चाल कॉर्डसाठी बदलायची नाही, कॉर्डने चालीसाठी सरकायचं.

शेवटासाठी एक खास कॉर्ड राखून ठेवा आणि आधी कुठेही वापरू नका. मूळ लूप जीवर संपतो, आणि जी आपल्याला पुन्हा ए मायनरकडे, म्हणजे सुरुवातीकडे खेचते. शेवटच्या वेळी जीनंतर एफ, मग एफ मायनर आणि मग सी वाजवा. ए हा सूर ए फ्लॅटवर उतरतो, तिथून जीवर येऊन विसावतो, आणि इतका वेळ गोल फिरणारी चाल पहिल्यांदाच घरी पोचते. पण पात्राच्या कथेत घरी पोचणं नसेल तर हा शेवट खोटा वाटेल. तिथे ए मायनरवर थांबा, तेही कॉर्डमधला सी न वाजवता, नुसत्या ए आणि ईवर. शेवट कोणता द्यायचा हे कथेला विचारून ठरवा.

शेवटच्या ध्रुवपदाला पट्टी एक स्वर वर नेण्याची पद्धत आहे. गाणाऱ्याकडे तेवढी जागा असेल तर करा. मला त्याऐवजी त्या ध्रुवपदाचे पहिले दोन बार जवळजवळ साथीशिवाय ठेवणं जास्त भावतं. भरलेलं गाणं अचानक रिकामं झालं की शब्द ऐकू येतात, आणि तिसऱ्या बारला सगळं परत आलं की पट्टी न बदलताही उंची मिळते.

वाद्यं आणि मूळ आवाजाची खूण

पियानोच्या डाव्या हाताने मूळ सूर, पाचवा आणि त्याच्याही वरच्या सप्तकातला तिसरा असा मोकळा पसारा धरावा. मधल्या सीच्या एक सप्तक खाली तीन-तीन सुरांची जवळजवळची कॉर्ड वाजवली की आवाज गढूळ होतो. आवाज गात असताना उजव्या हाताने चाल वाजवायची नाही, कॉर्डचे वरचे दोन सूर पुरेत.

स्ट्रिंग्ज दुसऱ्या कडव्यापर्यंत येऊच देऊ नका. आल्यावरही त्यांना चालीची नक्कल करायला लावू नका. आवाज लांब सूर धरतो तेव्हा त्या हलाव्यात आणि आवाज हलतो तेव्हा त्या स्थिर राहाव्यात. चालीसोबत एकत्र वाजण्याची मुभा त्यांना फक्त शेवटच्या ध्रुवपदात द्या. ड्रम हवे असतील तर दुसऱ्या ध्रुवपदापासून. पहिल्या ध्रुवपदाला ते आले की पुढे वाढवायला काही उरत नाही.

मूळ आवाजाची एक तरी खूण राखा. सुपर निन्टेंडोच्या ध्वनिचिपला सगळे सॅम्पल आणि इको मिळून ६४ केबी मेमरी होती, त्यामुळे वाद्यांचे नमुने अगदी तुटपुंजे असत आणि संगीतकार त्यांची उणीव तुटक सुरांच्या झऱ्याने भरून काढत. घंटेसारखा एखादा आवाज, हार्पवरून झरणारे सूर, एखादा इको हीच त्या गेमची आठवण असते. सुरुवातीला किंवा मधल्या जागेत तो झरा पियानोच्या वरच्या सप्तकात आणा. तो तुम्ही स्वतः वाजवलेला असावा, गेममधून उचललेला नको.

शब्द

शब्द लिहायचे असतील तर गेमचं कथानक सांगत बसू नका. राज्याचं नाव, तलवारीचं नाव, खलनायकाचं नाव आलं की गाण्याची नुसती यादी होते. एक पात्र, एक क्षण आणि त्या क्षणी त्याला कुणाला तरी सांगायची एक गोष्ट इतकंच घ्या. चाल आधीची आहे आणि शब्द नंतरचे, म्हणून लघु-गुरूचा हिशेब आधी मांडा. चालीतल्या प्रत्येक सुराखाली छोटी किंवा लांब रेघ ओढा आणि लांब सुरावर दीर्घ अक्षर येईल अशीच ओळ शोधा.

समजा वाक्याचा पहिलाच सूर लांब आहे. तिथे 'निरोप दे आता' ठेवलं तर 'नि' ताणला जाऊन 'नीरोप' ऐकू येतं आणि शब्द मोडतो. तीच ओळ 'आता निरोप दे' अशी फिरवली की 'आ' लांब सुरावर पडतो, 'नि' छोट्यावर आणि शेवटचा 'दे' मोकळा सोडता येतो. अर्थ तोच राहिला, आणि गाणाऱ्याचा घसा सुटला. सर्वात उंच सुरावर 'आ', 'ए' किंवा 'ओ' ठेवा. तिथे 'ई' किंवा 'ऊ' आला की आवाज आवळला जातो. जोडाक्षराने सुरू होणारा शब्द उंच सुरावर टाळलेलाच बरा.

शब्दांशिवायही चालतं. २०१० च्या 'नियर' मध्ये एमी इव्हान्स यांनी कल्पित भाषेत गायलं आहे आणि ते कुठेही अपुरं वाटत नाही. नुसत्या आकारात एक कडवं आणि शब्दांत एक ध्रुवपद असं मिश्रणही करून बघण्यासारखं आहे.

रेकॉर्डिंग आणि मिक्स

आधी कच्चा पियानो आणि कच्चा आवाज एकत्र रेकॉर्ड करा, मग त्यावरून मेट्रोनोमचा नकाशा, म्हणजे कुठे किती वेग आहे याची नोंद, तयार करा. वाक्याच्या शेवटी वेग दोन-तीन बीपीएम ढळतो, तो तसाच ठेवा. सगळं काटेकोर ६६ वर बसवलं की बॅलड निर्जीव होतं.

रिव्हर्ब आवाजाला द्या, पण त्याआधी २०-३० मिलिसेकंदांची फट ठेवा, म्हणजे शब्दाची सुरुवात स्वच्छ राहते. रिव्हर्बमधला खालचा भाग कापा. पियानोचे मधले सूर आवाजाच्या वाटेत येत असतील तर पियानोची पातळी कमी करण्याआधी तो एक सप्तक वर किंवा खाली वाजवून बघा. अरेंजमेंटमध्ये, म्हणजे कोणतं वाद्य कुठे काय वाजवेल या मांडणीत, सुटणारा प्रश्न मिक्समध्ये सोडवू नका. शेवटी सगळं जोरजोरात दाबू नका, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक मिटवून सगळंच मोठं करू नका. यूट्यूब जास्त मोठ्या आवाजाची गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास खाली आणतं, त्यामुळे दाबून मिळवलेला मोठेपणा तिथे उरत नाही, फक्त चढ-उतार गमावलेला राहतो. पहिलं कडवं आणि शेवटचं ध्रुवपद यांच्या आवाजात ऐकू येण्याजोगा फरक असायलाच हवा.

परवानगी आणि श्रेय

अरेंजमेंट तुमची असली तरी चाल मूळ संगीतकाराची आणि हक्कधारकाची असते. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ११५ प्रसिद्ध झालेल्या गाण्याचं कव्हर ठराविक परवान्यावर ध्वनिरूपात काढू देतं आणि आपल्या शैलीत बसवण्याइतपत बदलही करू देतं. मात्र मूळ मेलडी किंवा रचनेचं मूलभूत स्वरूप बदलण्याची मुभा त्यात नाही. नवे शब्द घालणं आणि व्हिडिओवर चढवणं यांसाठी वेगळी परवानगी लागते. इतर देशांत नियम वेगळे आहेत, आणि काही गेम कंपन्यांनी चाहत्यांच्या कामाबद्दल स्वतःचे नियम दिलेले असतात. विकायचं असेल तर ते आधी वाचा. गेममधलं मूळ रेकॉर्डिंग सॅम्पल म्हणून वापरणं हा पूर्ण वेगळा हक्क आहे, त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. फुकट देताय म्हणजे सगळं माफ असं होत नाही.

श्रेयाची ओळ मात्र लगेच, पूर्ण आणि वरच लिहा: मूळ संगीतकार, गेमचं नाव, वर्ष, मूळ चालीचं नाव, मग अरेंजमेंट, शब्द, आवाज आणि वाद्यं कुणाची. १९९९ पासून चालू असलेल्या ओव्हरक्लॉक्ड रिमिक्सवर प्रत्येक रचनेसोबत मूळ गेम, मूळ चाल आणि संगीतकार यांची नोंद असते, ती पद्धत उचलण्यासारखी आहे. ऐकणारा तिथून मूळ चालीकडे जातो आणि तुम्ही काय बदललंत ते त्याला कळतं.

बाहेर देण्याआधी दोन माणसांना ऐकवा, एक गेम खेळलेला आणि एक न खेळलेला. खेळलेल्याने चाल कितव्या बारला ओळखली ते विचारा. आठव्या बारच्या पुढे गेला असेल तर सुरुवात झाकली गेली आहे. न खेळलेल्याला काहीच विचारू नका, फक्त त्याच्याकडे बघा. मधल्या भागात तो फोनकडे वळला तर तिथले चार बार कापा आणि पुन्हा मिक्स करा.